दोन दिवसांचा पाहुणचार : पांढुर्णा आणि सौंसर

पाहुणे येणार असे कळले की आपल्या घरांतून तयारीला आरंभ होतो तो स्वयंपाकघरापासून. पीठ दळून येते, गाद्यांना ऊन दाखवले जाते, कोठीतला गूळ-तूप नजरेखालून जाते. गृहस्थ गाडीची वेळ पाहून ठेवतो. पाहुण्यांना दोन दिवस दाखवायचे काय, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मग पहिल्या दिवशीचे जेवण होते, वामकुक्षी होते, चहा होतो आणि चार वाजता यजमान विचारतो, "आता कुठे जायचे?" पांढुर्णा-सौंसरच्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच निघते : नागपूर! म्हणजे जो माणूस नागपूरवरून आपल्याकडे आला, त्यालाच आपण पुन्हा नागपूर दाखवायला नेतो.

आपली कुटुंबे आता दूरदूर पांगली आहेत. कोणी भोपाळला, कोणी इंदूरला, कोणी जबलपूर-रायपूरला स्थिरावले; पुढची पिढी पुणे, हैदराबाद, बंगलोर गाठून बसली. शनिवार-रविवारच्या जोडसुट्टीला ही मंडळी गावी येतात तेव्हा त्यांच्यासोबत हा मुलूख पूर्वी कधीही न पाहिलेली सूनबाई असते, जावई असतो, नातवंडे असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्या गावाचे प्रसिद्ध काय?" आणि आपणही अभिमान आणि संकोच यांच्या मधल्या स्वरात सांगून टाकतो, "आमच्याकडे गोटमार असते." लगेच कोणीतरी मोबाईलवरची चित्रफीत पुढे करतो. दोन काठांवरून येणारे दगड आणि रक्ताळलेली डोकी पाहून सूनबाई मान फिरवते. तिच्या लेखी पांढुर्ण्याचे चित्र तेथेच पुरे होते.

पाहुण्यांच्या तोंडी गावाचे जे नाव रूढ होते, तेच नाव गावही हळूहळू स्वतःचे मानू लागते. म्हणून दोन दिवसांच्या पाहुणचाराची आखणी ही वरकरणी करमणुकीची बाब वाटली तरी तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. आपल्या मुलखात पाहुण्याला दाखवावी अशी कला आहे, त्याच्या शरीराला हालचाल देतील असे व्यायाम आहेत आणि जिभेवर रेंगाळेल असे भोजन आहे. त्यांची नीट सांगड कशी घालावी, हे येथे यथामती मांडतो.

मुलूख कोणाचा?

पाहुणा, विशेषतः तरुण पाहुणा, एक शंका हमखास विचारतो. पाट्या हिंदीत आणि बोलणे मराठीत, हे कसे? या शंकेचे उत्तर यजमानाला दोन मिनिटांत देता आले पाहिजे, म्हणून थोडा इतिहास.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा प्रदेश आधी देवगडच्या गोंड राजांचा, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, त्यात हा भाग गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आपल्या आजोबांना आपण कोणत्या राज्यात आहोत याची फारशी चिंता नव्हती. कचेरीचे काम आणि लग्नाचा बस्ता, दोन्हीसाठी नागपूरच गाठायचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील पांढुर्णा-सौंसरचा मराठी पट्टा सीमेच्या अलीकडे राहून गेला. सोयरिकी, शेती, सण आणि भाजीतला मसाला सीमेपलीकडच्यासारखाच राहिला; शाळेची आणि कचेरीची भाषा तेवढी बदलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. म्हणजे आता ही दोन गावे एकाच जिल्ह्याची दोन अंगे आहेत आणि पाहुण्यालाही ती जोडीनेच दाखवणे योग्य.

आखणीपूर्वी तीन गोष्टी

पहिली गोष्ट ऋतूची. एप्रिल-मे महिन्यांत पाहुणे बोलावू नयेत. आपल्याकडचे ऊन आप्तांनाही परके करते. सर्वांत उत्तम काळ कार्तिक ते माघ. त्या सुमारास संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असते आणि ज्वारीला हुरडा येतो. मृग बहाराची फळे पाहायची असतील तर फेब्रुवारी-मार्च धरावा. सणाचे वैभव पाहायचे असेल तर श्रावण अमावास्येचा पोळा. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो.

दुसरी गोष्ट प्रवासाची. पांढुर्णा हे मध्य रेल्वेच्या नागपूर-इटारसी मार्गावरचे स्थानक असून सडकेने नागपूरहून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. या मार्गावरची छोटी गाडी अनेकांच्या बालपणाचा भाग होती. २०१५ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. दोन्ही गावांमधला प्रवास सडकेने तासाभराचा. मुक्काम शक्यतो घरीच करावा. घर लहान असेल तर शेजाऱ्याची माडी मागून घ्यावी. आपल्याकडे अजून कोणी नाही म्हणत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. दिवसाकाठी तीनच कार्यक्रम ठेवावेत : सकाळ शरीरासाठी, दुपार भोजनासाठी, संध्याकाळ कलेसाठी. यजमानाला उत्साहाच्या भरात सहा ठिकाणे दाखवण्याचा मोह होतो, आणि पाहुण्याच्या स्मरणात शेवटी गाडीतले हेलकावेच राहतात.

शनिवार : सौंसर

शनिवार हा मारुतीचा वार. सौंसरपासून थोड्याच अंतरावर जामसावळी आहे. तेथे पिंपळाच्या छायेत हनुमंताची मूर्ती निजलेल्या अवस्थेत आहे. उभा, उडता, पर्वत उचललेला मारुती सर्वांनी पाहिलेला असतो. विसावलेला मारुती पाहून लहान मुले हळू आवाजात बोलू लागतात. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. शनिवारी आणि मंगळवारी येथे मोठी गर्दी होते, म्हणून उजाडताच निघावे.

दर्शनानंतर पाहुण्यांना चालवावे. शहरातला माणूस हल्ली चालण्यासाठी पैसे भरतो आणि यंत्राच्या पट्ट्यावर जागच्या जागी चालतो. त्याला आपण ओळखीच्या कोणाच्या संत्राबागेत न्यावे आणि धुऱ्याधुऱ्याने दोन-तीन किलोमीटर फिरवून आणावे. चालता चालता दाखवण्यासारखे पुष्कळ असते. संत्र्याचे रोप बीपासून सरळ वाढवीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि तो कलमाचा सांधा बुंध्यावर पुढेही ओळखता येतो. बहार धरण्यापूर्वी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात, पाने मलूल होऊ देतात, आणि मग पाणी सोडले की झाड फुलांनी भरून येते. "आधी ताण, मग बहार," हे ऐकून परीक्षेच्या वर्षातली नातवंडे आजोबांकडे संशयाने पाहतात.

ज्यांच्या अंगात रग आहे अशा तरुणांना आखाड्यात न्यावे. जोर, बैठका, मुद्गल, लाल माती हे सारे आपल्याकडे अगदीच लोपलेले नाही. नागपंचमीच्या सुमाराला कुस्त्यांची आठवण सर्वांना होते, तशी ती इतर दिवशीही करून द्यावी. या संदर्भात पाहुण्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. तोच मल्लखांब २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने राज्याचा खेळ म्हणून स्वीकारला. मराठी मातीतली विद्या हिंदी राज्याचा मान ठरली, याहून सीमेवरच्या माणसाला सुखद असे दुसरे उदाहरण नसेल. आपल्याला जवळ असलेल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जर्मनीत करून दाखवली होती. ही परंपरा आपल्या उंबरठ्याशी आहे आणि आपण मुलांना शहरातील वातानुकूलित व्यायामशाळेची वर्गणी विचारीत बसतो.

एवढे चालणे-खेळणे झाले की भूक आपोआप लागते. शनिवारच्या दुपारी रोडगे करावेत. मारुतीला रोडग्यांचा नवस बोलण्याची चाल आपल्या पट्ट्यात जुनी आहे, आणि हे जेवण घरात न करता शेतात किंवा देवळाच्या आवारात करण्यातच त्याची गोडी आहे. गव्हाचे जाडसर पीठ घट्ट मळायचे, लहान पुऱ्या लाटून तेल-तुपाचे बोट लावीत एकावर एक रचायच्या, सर्वांत बाहेरच्या पारीत त्यांचा गोळा बांधायचा आणि गोवऱ्यांच्या आरात तो सावकाश भाजायचा. राख झटकून फोडलेल्या रोडग्यावर तूप, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. त्या भाजीवर हिरवा सांबार भुरभुरला पाहिजे. पुण्याची सूनबाई 'सांबार' म्हटल्यावर इडली शोधू लागते, तेव्हा तिला सांगावे की आपल्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. अशा एका शब्दावर जेवणाची पंगत अर्धा तास हसत राहते आणि नव्या माणसाचे परकेपण तेवढ्यात विरघळते.

दुपार कलल्यावर सौंसर-लोधीखेड्याकडील हातमागांची ओळख करून द्यावी. कोष्टी समाजाचे हे जुने कौशल्य आहे. माग पाहायला जाताना आधी विचारून जावे. विणकराचा वेळ म्हणजे त्याची मजुरी, हे ध्यानात ठेवावे. ताण्याचे शेकडो धागे, त्यांतून इकडून तिकडे धावणारा धोटा आणि पायाखालच्या पावड्यांचा ठेका पाहिला की काठपदराच्या किमतीवरून घासाघीस करणारी जीभ जरा आवरते. एखादे लुगडे किंवा निदान पंचा विकत घ्यावा. वाटेत सवड असेल तर मोहगाव हवेलीच्या अर्धनारीश्वराचे दर्शन करावे.

संध्याकाळ भजनाची. यावली गावी १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर विदर्भातली खेडी जागी केली. १९६८ साली ते गेले, पण त्यांची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजने सीमेच्या अलीकडेही नांदत आहेत. पाहुण्यांना पुढच्या रांगेत खुर्ची देऊ नये. सर्वांसोबत सतरंजीवर बसवावे आणि हाती टाळ द्यावे. ज्याला एकही भजन येत नाही त्यालाही तिसऱ्या आवर्तनाला ठेका सापडतो.

रविवार : पांढुर्णा

रविवारी सकाळी जाम नदीच्या काठाने चालावे. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. एरवीच्या दिवसांत ही नदी शांत असते. काठावर धुणी, पात्रात पाय बुडवून उभी असलेली गुरे, पुलावरून सायकलीने शाळेत-बाजारात जाणारी माणसे. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. सावरगावची लेक पांढुर्ण्याची सून होते आणि नदी ओलांडून माहेरी जाते. पुढे चंडीमातेच्या मंदिरात जावे. नदी आणि देवी यांची ही ओळख पाहुण्याला वर्षाच्या साध्या दिवशी व्हावी, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण पुढे येईल.

दुपारचे जेवण मात्र घरी, आणि तेही स्वयंपाकघरात बसून. आपल्याकडची मडक्यावरची लांब पोळी ही जेवणाची वस्तू आहे तशीच ती पाहण्याचीही आहे. कणीक सैल भिजवून इतकी मळायची आणि आपटायची की तिला दोरीसारखी लवचिकता यावी. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलीत, मनगटापासून कोपरापर्यंत ताणीत, चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर एका झटक्यात पसरायचा. रुमालासारखी पातळ पोळी क्षणात भाजून निघते. या कामात मनगटाचे बळ लागते, डोळ्यांचा अंदाज लागतो आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. ज्या मावश्या-काकू हे करतात त्यांना आपण 'सुगरण' एवढेच म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्या कलावंत आहेत, आणि आखाड्यातल्या गड्याइतकाच घामही गाळतात. घरातल्या मुलांनी, मुलग्यांनीही, एकेक पोळी टाकून पाहावी. पहिली पोळी चुलीत पडते. तिचे वाईट वाटून घेऊ नये.

या पोळीबरोबर पाटोडीचा रस्सा असावा. बेसनाच्या वड्या आधी थापून कापून ठेवायच्या आणि खसखस-खोबऱ्याच्या तिखट रश्श्यात वाढतेवेळी सोडायच्या. शेजारी गोळाभात, कढी आणि पाट्यावर रगडलेला ठेचा. ठेचा वाढताना पाहुण्याचे वय आणि गाव विचारात घ्यावे. शेवटी संत्री. फळ सोलून फोडी ताटात मांडू नयेत. ज्याचे त्याने सोलावे, हात वासाने भरून जावेत.

रविवारची संध्याकाळ लोकनाट्याची. नागपूर-भंडारा पट्ट्यात जिला खडी गंमत म्हणतात, ती उभ्याने सादर करण्याची कला आहे. रंगमंच नाही, पडदा नाही. डफ, तुणतुणे, ढोलकी, टाळ आणि भोवती गोल बसलेली माणसे. गणाने आरंभ, मग गवळण, मग सवाल-जबाब, आणि मध्येच गावातल्या ताज्या घडामोडीवर असा चिमटा की ज्याला बसला तोही हसतो. स्त्रीची भूमिका पुरुषच करतात. अशा मंडळाला महिनाभर आधी निरोप धाडावा, बिदागी आधी ठरवावी आणि ती ठरल्यापेक्षा थोडी अधिक द्यावी. दोन-तीन घरांनी मिळून खर्च उचलला तर अंगणात अख्खी गल्ली जमते. फुकट दाखवलेली कला फार दिवस टिकत नाही, हे आपण शिकलेल्या माणसांनी तरी ओळखले पाहिजे.

पोळ्याला आलात तर

पोळ्याच्या सुमारास येणाऱ्यांसाठी आखणी थोडी बदलावी. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलांना रीतसर देतात. शहरातल्या मुलांनी हे अवश्य पाहावे. जनावराला निमंत्रण देणारी माणसे त्यांना दुसरीकडे कुठे भेटणार?

पोळ्याच्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरमाळा, रंगवलेली शिंगे अशा थाटात बैल तोरणाखाली उभे राहतात. तेव्हा म्हटल्या जाणाऱ्या झडत्या हे आपल्या मुलखाचे खास वाङ्मय होय. एकाने झडती म्हणावी, दुसऱ्याने तिला वरचढ झडती द्यावी, आणि प्रत्येकीच्या शेवटी महादेवाचा गजर व्हावा. शेतीचे हाल, सावकार, सरकार, पाऊस आणि शेजारी, कोणीच त्यांतून सुटत नाही. एम. ए.ला मराठी घेऊन मी ग्रंथांतले अलंकार शिकलो. श्लेष आणि उपहास जिवंत पाहायचे असतील तर तोरणाखाली उभे राहावे. घरी पुरणपोळी, कढी, वडे. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, लाकडी नंदीबैल घेऊन दारोदार फिरण्याचा.

आणि त्याच दुसऱ्या दिवशी गोटमार.

पाहुणा विचारतो ते

गोटमारीचे स्वरूप वाचकांना ठाऊक आहे. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. तो झेंडा हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दिवसभर दगड चालतात. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासन जमावबंदी पुकारते, गोफणीला मनाई करते, काठावर वैद्यकीय पथके ठेवते. मागे एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही ठेवून पाहिले. लोकांनी ते मानले नाहीत. कचेरीतून आलेली सुधारणा होती ती; गावाच्या मानाचा विचार तिच्यात कुठे नव्हता.

या प्रथेच्या दोन कथा सांगतात. एक अशी की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही काठांवरून दगड आले आणि त्या दोघांचा पात्रातच अंत झाला. दुसरी अशी की भोसल्यांच्या सैनिकांचा हा युद्धसराव होता. या कथांचा मान राखूनच दोन शब्द विचारावेसे वाटतात. पहिली कथा धरली तर ही दोन जिवांची पुण्यतिथी होय; ज्या दगडांनी ते गेले त्याच दगडांनी त्यांचे स्मरण कसे करावे? दुसरी कथा धरली तर हा व्यायाम होय. आणि ज्या उस्तादाच्या आखाड्यात दरवर्षी पठ्ठ्यांची डोकी फुटतात, डोळे जातात, त्या आखाड्यात कोणता बाप आपला मुलगा घालील? पोळ्यानंतरच्या आठवड्यात वर्गाच्या हजेरीत काही नावांपुढे उत्तर येत नाही, आणि जी मुले येतात त्यांतल्या कोणाच्या कपाळावर पट्टी असते. शिक्षकाला त्या पट्टीखाली किती टाके आहेत हे विचारण्याचे धैर्य होत नाही. मुलगा मात्र ते अभिमानाने सांगतो. त्याच्या त्या अभिमानाची मला काळजी वाटते, कारण तो खोटा नाही. त्याला शौर्य दाखवायचे आहे, आणि गावाने त्याला ते दाखवण्याची जागा वर्षातून एकच दिली आहे.

येथे पाहुण्यांचा संबंध येतो. नदीकाठच्या गच्च्या त्या दिवशी बघ्यांनी भरलेल्या असतात. त्यांत आपण बोलावलेले आप्तेष्ट किती असतात, याचा प्रत्येक घराने विचार करावा. गच्चीवरून ओरडा झाला की खालचा हात अधिक जोरात फिरतो. बघे नसले तर गोटमार एका दिवसात थांबेल असे मी म्हणणार नाही; परंतु आपल्या गच्चीवरची टाळी तरी तिच्या वाट्याला जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

म्हणून पोळ्याला आलेल्या पाहुण्यांना तोरण दाखवावे, झडत्या ऐकवाव्यात, तान्ह्या पोळ्यात नातवंडांचा नंदी सजवावा आणि गोटमारीच्या दिवशी दुपारी त्यांना सौंसरकडे, जामसावळीकडे न्यावे. घरातल्या तरुण मुलांनाही बरोबर घ्यावे. चुलतभाऊ, मामेभाऊ आले असले की ती येतातही. झेंडा देवीला गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी चंडीमातेचे दर्शन घ्यावे.

आणि दोन्ही काठांवरच्या जाणत्या माणसांपुढे एक विचार ठेवतो. पळस तोच राहो, झेंडा तोच राहो, नदीही तीच राहो आणि चुरसही तितकीच राहो. पण झेंडा कोणाचा, याचा निवाडा पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या कुस्त्यांनी किंवा कबड्डीच्या सामन्यांनी होऊ शकणार नाही काय? कबड्डीलाही दम लागतो, कुस्तीलाही काळीज लागते, आणि हरलेला गडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो. हा बदल वरून आला तर रबरी चेंडूंसारखाच परत जाईल. तो घराघरांतून, आईबापांच्या आणि मामा-आत्यांच्या तोंडून आला तरच रुजेल. त्यासाठी वर्षभर आखाडे चालले पाहिजेत, सामने भरले पाहिजेत, आणि त्यांना पाहणारे, वाहवा करणारे पाहुणे मिळाले पाहिजेत.

निमंत्रण कसे धाडावे?

पाहुण्यांना "या एकदा" असे मोघम लिहू नये. तसे निमंत्रण कोणी खरे मानीत नाही. शनिवार कोणता, रविवार कोणता, हे कळवावे. चालण्याचे जोडे आणि बसायला सैल कपडे आणावेत, असे लिहावे. घरात कोणाला गुडघ्याचा त्रास असेल, कोणाला तिखट वर्ज्य असेल तर ते आधी विचारून घ्यावे. खडी गंमतीच्या मंडळाला, विणकराला, बागवानाला आपापला निरोप वेळेवर पोचवावा. शेजारच्या दोन घरांना यात सामील करून घ्यावे, म्हणजे खर्च वाटला जातो आणि पंगतही रंगते. नातवंडांना एकेक काम वाटून द्यावे : एकाने इतिहास सांगावा, एकीने झाडांची नावे, एकाने सांबाराची गंमत. मराठी शाळेत शिकण्याची संधी ज्या मुलांना मिळत नाही, त्यांच्यासाठी असे दोन दिवस म्हणजेच मराठीचा वर्ग होय. आणि या वर्गात शिकलेले ती विसरत नाहीत.

पाहुणे परत निघतील तेव्हा त्यांच्या पिशवीत संत्री असावीत, मागावरचा पंचा असावा आणि मनगटात लांब पोळी टाकताना भरलेली कळ असावी. मग पुण्या-बंगलोरला कोणी विचारील, "पांढुर्ण्याचे प्रसिद्ध काय?" तेव्हा सांगायला त्यांच्याजवळ बरेच काही असेल, आणि सांगता सांगता गोटमारीचे नाव घ्यायचे राहूनही जाईल.